पासपोर्ट पेटीत, नंबर गावभर

आमच्या खाडीकाठच्या गावांत पासपोर्ट ही घरातली सर्वांत जपलेली वस्तू. सोने एक वेळ बँकेत गहाण पडेल, सातबारा भावकीच्या भांडणात गहाळ होईल, पण पासपोर्ट लोखंडी पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमालाला अम्मीच्या हातची गाठ. माझे अब्बा कुवेतला होते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. अब्बा वाळवंट ओलांडून जॉर्डनमधल्या अम्मानला पोहोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या दोन-अडीच महिन्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास हिंदी माणसे अशी परत आणली गेली. अब्बा सांगत, की ज्याचा पासपोर्ट खिशात होता तो माणूस होता, आणि ज्याचा कफीलच्या तिजोरीत राहिला त्याला आधी आपण कोण हे सिद्ध करावे लागले. म्हणून आमच्या घरी पासपोर्टला हात लावायचा तर आधी हात धुवायचे, असा जवळजवळ नियमच होता.

मी हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी शिकवते. बीएड झाल्यापासून आणखी एक काम अंगावर आले आहे, त्याचा पगार नाही पण रजाही नाही. ते म्हणजे मोहल्ल्याचे फॉर्म भरणे. पासपोर्टचा नवा, पासपोर्टचा नूतनीकरणाचा, हजचा, उमऱ्याचा, मुलांच्या व्हिसाचा. पूर्वी पासपोर्टसाठी एसटीने मुंबई गाठावी लागे. आता अर्ज ऑनलाइन, आणि २०१७ पासून काही मोठ्या पोस्टांतही पासपोर्टची सोय झाली आहे. त्यामुळे माझ्या टेबलावर खडू-डस्टरशेजारी कुणाच्या ना कुणाच्या पासपोर्टची झेरॉक्स पडलेलीच असते. फॉर्म भरताना सर्वांत जास्त वेळ नावात जातो. एकाच घरात मोहम्मदची चार स्पेलिंगे. शाळेच्या दाखल्यावर अब्दुल रहमान, रेशनकार्डावर अब्दुर्रेहमान, पासपोर्टवर अब्दुल आणि रहमान यांच्यात एक मोकळी जागा. आपल्याला ही एकाच माणसाची तीन रूपे वाटतात, मशीनला तीन माणसे वाटतात. कधी उलटेही होते, तीन वेगळी माणसे मशीनला एकच वाटतात. आणि त्यांतल्या एकावर कुठे काही नोंद असेल, तर बाकीच्या दोघांची विमानतळावर तासन् तास चौकशी.

पण आज लिहायचे आहे ते नावाबद्दल नाही, नंबराबद्दल.

तीन वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीत आमच्या शेजारच्या खालाजान धापा टाकत शाळेत आल्या. त्यांचा धाकटा मुलगा, माझा जुना विद्यार्थी, कतारला दोह्यात एका गोदामात कामाला आहे. खालाजानना व्हॉट्सअ‍ॅपवर फोन आला होता. फोटोच्या जागी सरकारी शिक्का. समोरचा हिंदीत बोलत होता: तुमच्या मुलाच्या व्हिसात गडबड सापडली आहे, साठ हजार रुपये दंड दोन तासांत भरा, नाहीतर त्याला उचलून परत पाठवू. असे फोन हल्ली सगळ्यांनाच येतात. खालाजानही तशा भोळ्या नाहीत. पण या माणसाने मुलाचा पासपोर्ट नंबर सांगितला, जन्मतारीख सांगितली, बापाचे नाव सांगितले आणि व्हिसा कोणत्या महिन्यात लागला तेही सांगितले. सगळे बरोबर. अक्षर न् अक्षर.

मुलगा रात्रपाळी करून झोपला होता, फोन उचलीना. खोलीवरच्या दुसऱ्या मुलाला गाठले, त्याने हलवून उठवले. सगळे ठीक होते. पैसे वाचले, अल्हमदुलिल्लाह. पण खालाजान उठेनात. पाण्याचा पेला तसाच हातात धरून म्हणाल्या, "बाय, ते सगळं जाऊ दे. माझ्या पोराचा नंबर त्या माणसाला दिला कुणी?"

आम्ही तक्रार द्यायला गेलो. तक्रार घेणाऱ्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, पैसे किती गेले? गेले नाहीत म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले आणि खालाजानच्या सावधपणाचे कौतुक केले. कौतुक खरे होते. प्रश्न तसाच राहिला.

त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर लिहून काढले, की या एका मुलाच्या पासपोर्टची माहिती कुठे कुठे गेली असेल. पासपोर्ट कार्यालय. पोलीस पडताळणी. मुंबईतला रिक्रूटिंग एजंट आणि त्याचा गावातला सब-एजंट. गल्फच्या मेडिकलचे सेंटर. मुलगा दहावी नापास, म्हणजे पासपोर्ट ईसीआर, म्हणून परदेशी कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंद. कतारचा व्हिसा. तिकडची कंपनी. विमान कंपनी. आमच्या नाक्यावरचे झेरॉक्सचे दुकान, जिथल्या संगणकावर स्कॅन केलेली पाने 'न्यू फोल्डर'मध्ये वर्षानुवर्षे पडून असतात. आणि खालाजानचा स्वतःचा मोबाइल, ज्यात मुलाने कौतुकाने पाठवलेला व्हिसाचा फोटो. दहा ठिकाणे झाली. यांतले कुठले गळके, हे मला शोधता येणार नव्हते. पण सरकारी कपाटे गळू शकतात का, कशी गळतात, हे वाचून समजणार होते. पुढची मे महिन्याची सुट्टी त्यातच गेली.

सर्वांत आधी सापडलेली गोष्ट आपल्याच देशातल्या अर्जदारांची निघाली. ब्रिटनच्या व्हिसाचे अर्ज गोळा करण्याचे काम तिथल्या परराष्ट्र खात्याने व्हीएफएस या कंपनीकडे दिले होते. कंपनीने ऑनलाइन अर्जाची साइट उघडली. डिसेंबर २००५ मध्ये एका भारतीय अर्जदाराच्या लक्षात आले, की आपला अर्ज उघडल्यावर वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो त्यातला आकडा बदलला, की दुसऱ्याच माणसाचा अर्ज समोर येतो. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, प्रवासाचा बेत, सगळे.

मी हे वर्गात मुलांना सांगितले तेव्हा त्यांना एका मिनिटात कळले, कारण दहावीचा निकाल सगळ्यांनी पाहिलेला असतो. बोर्डाच्या साइटवर नुसता बैठक क्रमांक टाकून निकाल दिसत नाही, आईचे नावही टाकावे लागते. का? नाहीतर पुढच्या बाकावरच्या मुलाचा क्रमांक टाकून कुणीही त्याचे गुण पाहील. आता आईचे नाव हे काही मोठे गुपित नव्हे, पण निदान दाराला कडी तरी आहे. त्या व्हिसाच्या साइटला कडीसुद्धा नव्हती. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हणजे हे हॅकिंग पण नाही. नुसतं पुढचं पान उलटणं आहे." अगदी बरोबर.

त्या अर्जदाराने कंपनीला कळवले, ब्रिटिश उच्चायुक्तालयाला कळवले. तरी भोक बुजले नाही. अखेर मे २००७ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने बातमी दाखवली आणि मग साइट बंद झाली. मध्ये जवळपास दीड वर्ष गेले. भारत, नायजेरिया आणि रशिया इथले अर्जदार त्यात होते. परराष्ट्र खात्याने स्वतंत्र चौकशी नेमली, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी ठरवले, की खात्याने माहिती संरक्षणाचा कायदा मोडला आहे. काम कंपनीचे होते, पण जबाबदारी खात्याची धरली, ही गोष्ट मला पटली. घर आपण भाड्याने दिले म्हणून छत गळण्याची जबाबदारी भाडेकरूची होत नाही.

मला यात भोकापेक्षा ते दीड वर्ष जास्त टोचले. ज्याची माहिती उघडी पडली तोच माणूस दार ठोठावून सांगत होता, आणि ऐकायला कुणी नव्हते. व्हिसाचा अर्जदार म्हणजे आधीच हात जोडून उभा असलेला माणूस. त्याने साहेबाला चूक दाखवायची, आणि वर त्याच साहेबाकडून व्हिसाही मागायचा! किती जणांनी तो आकडा बदलून पाहिला असेल, घाबरून पान बंद केले असेल आणि गप्प बसले असतील.

अमेरिकेचे प्रकरण याहून फार मोठे आहे. जगभरातल्या अमेरिकी वकिलातींत जो कुणी व्हिसा मागतो, त्याचा अर्ज, फोटो, बोटांचे ठसे आणि अधिकाऱ्याचा शेरा एका मोठ्या संगणकी कोठारात जातो. त्याचे नाव कॉन्सुलर कन्सॉलिडेटेड डेटाबेस. २०१६ मध्ये एबीसी न्यूज या वाहिनीने त्याबद्दल बातमी दिली तेव्हा त्यात पासपोर्टसंबंधी २९ कोटींहून जास्त आणि व्हिसाच्या १८ कोटींहून जास्त नोंदी होत्या. आपल्या वांद्र्याच्या वकिलातीत रांग लावून आलेली मुंबई-पुण्याची मुले, त्यांचे आईबाप, नोकरीचे अर्जदार, सगळे त्यात आहेत. ज्यांना व्हिसा नाकारला तेही आहेत. ते गेले नाहीत, त्यांची माहिती मात्र जाऊन बसली.

बातमी अशी होती, की खात्याच्याच तपासणीत या कोठारात उणिवा सापडल्या, आणि त्यांचा उपयोग करून कुणी आत शिरला तर व्हिसाच्या नोंदी पाहू शकेल, एवढेच नव्हे तर बदलूही शकेल. खात्याचे म्हणणे होते, की हे करणे सोपे नाही, आतल्या माणसाइतके अधिकार लागतात, आणि कुणी शिरल्याचा पुरावा नाही. तेही नोंदवले पाहिजे. पण मला 'बदलू शकेल' या शब्दांपाशी थांबावेसे वाटते. चोरी झाली तर माहिती दोघांकडे होते, चोराकडेही आणि आपल्याकडेही. बदल झाला तर आपली खरी माहिती कुठेच उरत नाही. नाकारलेल्या अर्जावर 'मंजूर', किंवा मंजूर झालेल्यावर एखादा संशयाचा शेरा. मग तो मुलगा आयुष्यभर प्रत्येक खिडकीवर विचारत राहणार, माझे चुकले काय? खिडकीवरच्या माणसाला तरी काय दिसणार, तर पडद्यावर लिहिलेले. ज्यांच्या नावावर आधीच दोनदा नजर टाकली जाते, त्यांच्यासाठी ही काळजी पुस्तकी नाही. २०१९ पासून त्या व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खातीही लिहावी लागतात. माझ्या भाच्याचा अर्ज मीच शेजारी बसून भरला. इन्स्टाग्रामचे नाव लिहिताना तो हसत होता. मला हसू आले नाही.

चोर यायलाच हवा असेही नाही. जुनाट यंत्रणा स्वतःच बसते. जुलै २०१४ मध्ये हेच कोठार बंद पडले आणि जगभर व्हिसे लांबले. जून २०१५ मध्ये पुन्हा, या वेळी हार्डवेअर बिघडले आणि ठशांची तपासणीच होईना. जवळपास दोन आठवडे व्हिसे अडकले. मेक्सिकोतून अमेरिकेच्या शेतांत कामाला जाणारे मजूर सीमेवर खोळंबले, आणि तिकडे पीक उभे. मजुराच्या दिवसाचा हिशेब कुणी ठेवला असेल असे वाटत नाही.

आणि ज्यांच्या हातात किल्ली आहे त्यांचे काय? २००८ च्या मार्चमध्ये उघडकीस आले, की बराक ओबामा, हिलरी क्लिंटन आणि जॉन मॅकेन या तिन्ही उमेदवारांच्या पासपोर्टच्या फायली खात्यातल्या लोकांनी विनाकारण उघडून पाहिल्या होत्या. ओबामांची तर तीन वेळा. कंत्राटी कर्मचारी कामावरून गेले. मग खात्याच्या महानिरीक्षकांनी एक साधी चाचणी केली. राजकारणी, नट-नट्या, खेळाडू अशी १५० प्रसिद्ध नावे घेतली आणि सहा वर्षांत त्यांच्या फायली कुणी उघडल्या का ते पाहिले. १५० पैकी १२७ जणांच्या फायली उघडल्या गेल्या होत्या. एका व्यक्तीची फाइल ३५६ वेळा! नंतर ज्यांच्यावर खटले झाले त्यांनी सांगितलेले कारण वाचून मला आमची स्टाफरूम आठवली. कुतूहल. नुसते कुतूहल. दुसऱ्याच्या घरात काय शिजते ते पाहण्याची हौस. यावर कोणते सॉफ्टवेअर चालणार? एकच गोष्ट चालते: कोण, कधी, कोणती फाइल उघडतो याची नोंद ठेवायची, ती नोंद कुणीतरी वाचायची, आणि पकडले तर नोकरी घालवायची. ओबामांच्या फायलीवर खूण होती म्हणून घंटा वाजली. खालाजानच्या मुलाच्या फायलीवर कुणी घंटा बांधली असेल?

बाकीची उदाहरणे भराभर सांगते, कारण ती एकाच साच्यातली आहेत. थायलंडला दहा वर्षांत गेलेल्या १० कोटी ६० लाख प्रवाशांच्या नोंदी ऑगस्ट २०२१ मध्ये इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघड्या सापडल्या. नाव, पासपोर्ट नंबर, आल्याची तारीख, व्हिसाचा प्रकार. सापडवणाऱ्याने कळवले आणि दुसऱ्याच दिवशी त्या झाकल्या गेल्या, हे कौतुकास्पद. आधी किती दिवस उघड्या होत्या, हा वेगळा भाग. त्याच वर्षी एअर इंडियाने आपल्या ४५ लाख प्रवाशांना कळवले, की २०११ ते २०२१ या काळातली त्यांची माहिती, काहींच्या पासपोर्टच्या तपशिलासह, प्रवासी यंत्रणा सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून फुटली. त्या काळात एअर इंडिया सरकारी होती आणि आमच्या कोकणातून गल्फला जाणाऱ्यांत तिने कधीच प्रवास न केलेला माणूस विरळा. मग कोविन. लस घेतल्याच्या दाखल्यावर परदेशी जाणाऱ्यांनी पासपोर्ट नंबर जोडून घेतला होता, नाहीतर विमानात बसू देत नव्हते. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवर मोबाइल नंबर टाकला, की लस घेतलेल्याची माहिती ओळखपत्राच्या नंबरासह बाहेर येऊ लागली. पोर्टल सुरक्षित आहे, ओटीपीशिवाय काही दिसत नाही, असे सरकारने सांगितले. काही दिवसांनी पोलिसांनी बिहारमधून एकाला अटक केली.

आता नवा ई-पासपोर्ट. आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये त्याचा प्रयोग सुरू झाला, नागपूर आणि भुवनेश्वर ही सुरुवातीची कार्यालये. मुखपृष्ठावर खाली एक छोटी सोनेरी खूण असते, ती दिसली की आत चिप आहे असे समजावे. चिपेत फोटो आणि बोटांचे ठसे असतात, आणि त्यावर सरकारची डिजिटल सही. लोक मला विचारतात, आपा, ही चांगली का वाईट? माझ्या मते चांगली. ज्यांनी 'फोटोबदली' पासपोर्टचे दिवस पाहिले आहेत, एकाच्या पासपोर्टावर दुसऱ्याचा फोटो चिकटवून माणसे पाठवणारे एजंट पाहिले आहेत, त्यांना हे सांगायला नको. चिपेतला फोटो ब्लेडने खरवडता येत नाही.

पण चिपेचे कुलूप कसे आहे ते समजून घ्यावे. चिप दुरून कुणीही वाचू नये म्हणून तिला किल्ली लावतात. जुन्या पद्धतीत ती किल्ली तीन गोष्टींपासून बनते: पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख. तिन्ही फोटोच्या पानावर, खालच्या दोन ओळींत छापलेल्या. म्हणजे ज्याच्याकडे त्या पानाची झेरॉक्स, त्याच्याकडे किल्ली. २००६ मध्ये लास वेगासला भरलेल्या परिषदेत एका जर्मन तज्ज्ञाने आपल्याच पासपोर्टची चिप नक्कल करून दाखवली होती. तो आतली माहिती मात्र बदलू शकला नाही, कारण मग सरकारची सही जुळली नसती. तेव्हा खरा भरवसा त्या सहीवर. आणि इथेच गंमत आहे. ज्या अमेरिकेने कित्येक देशांना चिप लावायला भाग पाडले, तिच्याच सीमेवरच्या अधिकाऱ्यांकडे ती सही तपासण्याचे सॉफ्टवेअर नव्हते. फेब्रुवारी २०१८ मध्ये दोन सिनेटरांनी पत्र लिहून हे जाहीर केले. खात्याला ही उणीव २०१० पासून माहीत होती, असेही त्यात होते. महागडे कुलूप घेतले, दारावर लावले, आणि रखवालदाराला ते ओढून पाहायला कुणी सांगितलेच नाही.

इथवर सगळे पैसे, त्रास, खोळंबा यांबद्दल झाले. एक यादी मात्र अशी आहे, की ती वाचल्यावर मला दोन दिवस दुसरे काही वाचवले नाही.

अफगाणिस्तानात ब्रिटिश फौजेबरोबर दुभाषे, मदतनीस, चालक म्हणून हजारो स्थानिक माणसांनी काम केले. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलला आले. या माणसांनी ब्रिटनमध्ये आसरा मिळावा म्हणून अर्ज केले. अर्जात काय लिहिणार? नाव, फोन, घरचे लोक, आणि आपण इंग्रजांसाठी काय काम केले ते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मान उतरवली जाईल तीच गोष्ट, आपल्या हाताने, पुराव्यासह. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण खात्याच्या एका माणसाने एक तक्ता ईमेलने बाहेर पाठवला. त्याला वाटले त्यात थोडीच नावे आहेत. दिसत होती तेवढीच थोडी, बाकीच्या ओळी तक्त्यात लपलेल्या होत्या. सुमारे १९ हजार अर्जदार. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यातली काही नावे फेसबुकवर दिसली तेव्हा खात्याला पत्ता लागला. मग सरकारने कोर्टातून असा हुकूम घेतला, की या प्रकाराबद्दल बोलायचे नाही आणि हुकूम आहे हेही सांगायचे नाही. तो १५ जुलै २०२५ ला उठला. तोवर काही हजार लोकांना गुपचूप ब्रिटनला नेण्यात आले होते. गुप्तता त्यांच्याच जिवासाठी होती, असे सरकारचे म्हणणे, आणि ते अगदीच खोटे म्हणता येणार नाही. पण ज्यांचे नाव यादीत होते त्यांना स्वतःलाच ते ठाऊक नव्हते. गाव सोडावे का, फोन फेकून द्यावा का, हे ठरवायचा हक्क त्यांना मिळाला नाही.

इथे ना हॅकर होता, ना विषाणू, ना परकी हेरखाते. एक तक्ता होता, आपण शाळेत पटसंख्येचा करतो तसा. आपल्याकडे अमानत म्हणून जो शब्द आहे, तो दागिन्यांना आणि पैशांना आपण सहज लावतो. माणसाचे नाव आणि पत्ता हीसुद्धा अमानत असू शकते, हे त्या तक्त्याने मला जितके शिकवले तितके कोणत्याही व्याख्यानाने शिकवले नव्हते.

आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि बरीच कलमे टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवले पाहिजे, काम संपल्यावर माहिती पुसून टाका असे सांगता येते, कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, असे त्यात आहे. चांगले आहे. मात्र सरकार ज्या आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून वगळेल त्यांना तो लागू नाही, असेही एक कलम आहे. मला यातले कायदेशीर बारकावे सांगता येणार नाहीत, पण एवढे समजते, की एजंटाला आणि झेरॉक्सवाल्याला जो नियम, तो कोट्यवधी नोंदी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याला आधी हवा.

तोवर मी माझ्या टेबलापुरते काही बदल केले आहेत. झेरॉक्स दिली तर तिच्यावर आडवे लिहायचे: कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला. मजकूर नंबरावरून गेला पाहिजे, कोपऱ्यात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलाच तर काम झाल्यावर दोन्हीकडून पुसायचा. व्हिसा लागल्याचा आनंद साजरा करावा, पण स्टेटसवर व्हिसाचे पान लावू नये. ही शेवटची गोष्ट मुलांना पटवणे सर्वांत कठीण. पासपोर्टची खरी सरकारी साइट एकच आहे आणि तिच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असते. तिच्यासारख्या दिसणाऱ्या, जादा पैसे घेणाऱ्या नकली साइटांपासून परराष्ट्र मंत्रालयानेच सावध केले आहे. आणि कुणी फोनवर आपला नंबर बरोबर सांगितला म्हणजे तो सरकारी माणूस, हा हिशेब डोक्यातून काढायचा. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करायचा. नाक्यावरच्या दुकानदाराला मी एका शुक्रवारी दुपारी बसवून त्याचा 'न्यू फोल्डर' रिकामा करायला लावला. त्यात आमच्या निम्म्या गावाचे चेहरे होते, काही मयत झालेल्या माणसांचेही. त्याने हे सगळे कधी वाईट हेतूने ठेवले नव्हते. पुसायचे असते, हेच त्याला कुणी सांगितले नव्हते.

मुंबईच्या एजंटाला खालाजानच्या वतीने मी पत्र लिहिले, की मुलाच्या कागदपत्रांच्या प्रती आता ठेवू नका. आठ दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आले, "ठीक है मॅडम." पुसल्या का, हे विचारणारा दुसरा निरोप मी पाठवला आहे. त्यावर दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलेले नाही.

मुलाच्या पासपोर्टची मुदत पुढच्या वर्षी संपते. रजेवर येईल तेव्हा इथेच नवा काढायचा असे ठरले आहे. नवा पासपोर्ट म्हणजे नवा नंबर, आता तो जुना नंबर कुणाकडेही असू दे, असे खालाजान समाधानाने सांगत होत्या. मी मान हलवली. जन्मतारीख, बापाचे नाव आणि बोटांचे ठसे तेच राहणार आहेत, हे त्यांना त्या दिवशी सांगितले नाही. मुलगा आला की त्याला सांगेन.